तंबोऱ्याचा भोपळा आणि मामींचा कडू दुधी

मामा तंबोऱ्याचे भोपळे लावणं कायमचं बंद करणार, असं मामींनी फोनवर सांगितलं आणि मी लगेच रजा टाकली. मी साताऱ्यात कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. मामा फौजेतून परतल्यापासून पलूसला उसाच्या कडेला हे भोपळे लावतात आणि मिरजेत तंबोरे घडवणाऱ्या दस्तगीरभाईंना देतात. पण गेली दोन वर्षं भाई माल परत पाठवत होते. साल पातळ, म्हणे.

साताऱ्याहून सकाळच्या एसटीने कराड, तिथे गाडी बदलून पलूस. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे प्रवास स्वस्तात होतो. फक्त मे महिन्यात दुपारची गाडी धरू नका. कराड स्टँडबाहेर मिसळ खाल्ली. तिखट म्हणजे काय तिखट! वाटेतल्या ताकारीपर्यंत नाक पुसत होते.

मामींनी भाकरी-खर्डा वाढला. "दुधी न्हाई केला गं," त्या म्हणाल्या. "तू दिलेल्या बियांचा पयल्या साली लय ग्वाड. त्याचंच बी धरलं, तर म्होरल्या साली नुसतं जहर! म्हशीला बी न्हाई घातला."

मग मामांनी वावर दाखवलं. "लाल भोपळा ह्या बांधाला कवा येऊ दिला न्हाई. गोल ते गोल, मिसळंल म्हणून. शेजाऱ्यासंगं भांडलो त्यापायी." आणि तिथून वीस पावलांवर, विहिरीपाशी, मामींचा दुधीचा मांडव. मी ती पावलं पुन्हा मोजली.

लाल भोपळा दिसायला सारखा, पण नात्याने लांबचा. कूळ तेवढं एक. तंबोऱ्याचा भोपळा आणि दुधी मात्र एकाच जातीचे. माणसाने एकाला वाजवायला निवडलं, तो कडू आणि जाड सालीचा; एकाला खायला, तो गोड आणि पातळ सालीचा, एवढंच. एकाचे पराग दुसऱ्यावर पडले तर त्या सालचं फळ नेहमीसारखंच येतं, भेसळ दिसते ती त्याच्या बियांतून उगवलेल्या वेलींवर. कडू दुधी आणि पातळ साल, दोन्ही तक्रारी एकाच घरात, आणि कारणही एकच! रूपावर जाऊ नका, कुणाचं बी कुणाशी जुळतं आणि कुणाचा पूर्वज किती जवळचा ते बघा, हे मी दर वर्षी फळ्यावर लिहिते. आणि दुधीचं पाकीट मामींच्या हातात ठेवलं तेही मीच. आयुष्यात इतकी लाज वाटली नव्हती.

मामांना सगळं सांगितलं.

"मंजी घरातल्याला मोकळं सोडून मी पावण्यावर पहारा दिला व्हय?"

मामा दर साली घरचंच बी लावत, आणि ते सगळं आता भेसळीचंच होतं. जुनं शुद्ध बी मिळालं तर फक्त मिरजेत, एखाद्या न कापलेल्या भोपळ्याच्या पोटात. दुसऱ्या दिवशी मामांना घेऊन सांगलीवरून मिरज गाठली. (तंबोरे घडवणाऱ्यांची ही गल्ली बघायची तर सकाळी जा; कारागीर निवांत बोलतात. विचारल्याशिवाय वाद्याला हात लावू नका.) दस्तगीरभाईंच्या माळ्यावर मामांचा एकच भोपळा उरला होता, दुधीच्या आधीच्या सालचा. मुलीच्या तंबोऱ्यासाठी त्यांनी तो राखला होता आणि अजून वर्षभर वाळवायचा होता.

"आत्ताच कापला तर चिरेल," भाई म्हणाले.

"मग ऱ्हाऊ द्या, भाई," मामा उठले.

"बसा हो, सुभेदार. हा चिरला तर पोरीला दुसरा देईन. पण बी नसेल तर दुसरा आणू कुठून?"

करवत फिरली आणि काठाला केसाएवढी चीर गेली. भाईंनी तिच्यावरून अंगठा फिरवला. वाळका गर खरवडून मूठभर बिया त्यांनी मामांच्या टोपीत ओतल्या.

साताऱ्याला परतून महिना झाला. खर्च म्हणाल तर सगळा मिळून हजाराच्या आत. पण माझा फळ्यासमोरचा आवाज मात्र जरा खाली आलाय. वनस्पतींची नाती सांगताना आता मी मुलांना आधी विचारते, तुमच्या घरात शेजारी शेजारी काय लावलंय?

काल मामांचा फोन आला. सात बिया उगवल्या. मामींनी दुधीचा मांडव स्वतःच्या हाताने मोडला, कुणी न सांगता. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "मामा, दिवाळीला येताना काय आणू?"

"कंदी पेढं आण," मामा म्हणाले. "बी नगं."