छिंग-शानने वल्हं नाकारलं

तुंगकांगच्या मासळी बंदरात बर्फाच्या लाद्या ओढणारा त्साय छिंग-शान अंगाने काटक, डोक्याने हट्टी. दोन वर्षांपूर्वी त्याचं वजन झरझर उतरलं, हात थरथरू लागले. थायरॉइड गरजेपेक्षा जास्त काम करतंय म्हणून डॉक्टरांनी रोजच्या गोळ्या दिल्या. चार महिन्यांत बरं वाटलं आणि त्याने त्या सोडून दिल्या. बायको मेइ-जू कानीकपाळी ओरडली, पण हा म्हणायचा, मला काय धाड भरलीय!

सणाच्या नौकाशर्यतीला आठवडा उरला असताना, संघाच्या सरावात भर उन्हात तीन तास वल्हं मारून तो घरी आला. सणाचे पाच बाचांग, म्हणजे पानात बांधलेला चिकट भात, गोड सरबताबरोबर हाणून आडवा झाला. तिन्हीसांजेला जाग आली तर पाय हलेनात. शेजाऱ्यांनी उचलून टेम्पोत घातलं. दवाखान्यात पोचेपर्यंत हातही लुळे पडले.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, तर पोटॅशियम तळाला गेलेलं. मोकाट सुटलेलं थायरॉइड, त्यात अतिश्रम, वर भात-साखरेचा मारा; आणखी थोडा उशीर झाला असता तर हृदयच थांबलं असतं, असं त्या म्हणाल्या. पोटॅशियम दिल्यावर काही तासांत हातपाय परत आले. गोळ्या पुन्हा मनाने सोडल्यास साधा तापसुद्धा जिवावर बेतेल, हे त्यांनी बजावलं. थायरॉइड ताब्यात येईपर्यंत वल्हं बंद.

संघप्रमुख हुंग काकांना हे पटेना. त्यांनी बंदरावर सगळ्यांदेखत त्याला गाठलं. "बायकोने बांधून ठेवलंय काय रे?"

"बांधलं असतं तर बरं झालं असतं, काका. यंदा मी बसणार नाही."

"नाव हरेल आपली."

"हरू दे. माझे पाय गेले तेव्हा नाव आली नव्हती मला उचलायला."

नाव हरली. पुढे कित्येक दिवस बाजारात त्याला 'नाजूकराव' म्हणत. तो मात्र बर्फाच्या शेडमध्ये चारचौघांसमोर गोळी गिळायचा. एकदा ताप येऊन घसा धरला, तेव्हा मुकादम कुरकुरत असतानाही काम टाकून रक्त तपासायला गेला. या गोळ्यांनी क्वचित पांढऱ्या पेशी घटतात आणि ताप-घसा ही त्याची खूण, हे त्याला माहीत होतं. पेशी ठीक निघाल्या. मुकादमाने अर्ध्या दिवसाचा पगार कापला, तोही त्याने भांडून परत घेतला.

वर्षाने बाईंनी वल्ह्याला परवानगी दिली. हुंग काका म्हणाले, तुझी जागा भरली. शेजारच्या आळीच्या नावेत एक जागा रिकामी होती, छिंग-शान तिथे जाऊन बसला. त्या सणाला हुंग काकांची नाव दोन हात मागे राहिली.