मागे सरण्याची खोड

पेंटरला सगळे पेंटरच म्हणत. घरांच्या भिंतींना रंग देणारा तो नव्हे, हा दुकानांच्या पाट्या लिहिणारा. छापील फलकांचं पेव फुटलं तेव्हा बाकीच्यांनी कुंचले गुंडाळून ठेवले, पण याचं अक्षर असं देखणं की काही हट्टी दुकानदार अजूनही त्यालाच बोलावत. त्या अक्षराबरोबर एक खोड फुकट मिळायची. अक्षर पुरं झालं की पेंटर मान तिरपी करायचा, एक डोळा मिटायचा आणि मागे सरायचा. जवळून नुसता रंग दिसतो, अक्षर लांबूनच दिसतं, असं त्याचं ठाम मत होतं.

हे पाट्यांपुरतं असतं तर कुणाची हरकत नव्हती. पण गडी घरात कॅलेंडर टांगलं तरी मागे सरायचा आणि बायकोच्या पायावर पाय द्यायचा. मेहुण्याने नवा टेम्पो घेतला, तेव्हा त्यावर नाव लिहून मागे सरला तो थेट मागे उभ्या असलेल्या मेहुण्याच्या पोटावर जाऊन आदळला. मेहुणा ही गोष्ट तिखटमीठ लावून सांगायचा आणि पेंटरही हसायचा.

मग ते फर्निचरच्या दुकानाचं काम आलं. पाटी पहिल्या मजल्याच्या वर होती. मालकाने स्वतःच परांची बांधून दिली होती, उभं राहायला फळ्या आणि पाठीमागे कमरेइतक्या उंचीवर एक आडवा बांबू. सकाळभर पेंटरने काम केलं. मागे सरला की तो बांबू पाठीला लागायचा, तिथे तो थांबायचा, बघायचा आणि पुन्हा पुढे व्हायचा. दुपारी तो डबा खायला खाली उतरला. तेवढ्यात दुकानातल्या माणसांना एक अवाढव्य कपाट दोराने वर घ्यायचं होतं. बांबू आड येत होता म्हणून त्यांनी तो सोडवला. कपाट वर गेलं, बांबू मात्र खाली भिंतीला टेकून राहिला. पेंटर हात धुऊन पुन्हा वर चढला, कारण ‘फर्निचर’मधला शेवटचा ‘र’ राहिला होता.

त्यानंतर दवाखान्याचं छत दिसलं.

पाय सावरले, बरगड्या सावरल्या, पण उजवं मनगट वाकडं सांधलं. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांना भेटेना. कुंचला धरला की तो घसरून खाली पडायचा. एक शस्त्रक्रिया केली तर हात बऱ्यापैकी परत येईल, असं डॉक्टर म्हणाले. फर्निचरवाल्याकडून नुकसानभरपाई मिळाली तरच ती शक्य होती. फर्निचरवाला म्हणत होता की पेंटर स्वतःच्या चुकीने पडला. आणि कोर्टाचा निकाल विरुद्ध गेला तर पेंटर जन्मभर दुसऱ्यांच्या पाट्या वाचत फिरणार होता.

वकीलबाईंची खोली चष्म्याच्या दुकानावर होती. बाई सडपातळ, तरतरीत, बोलायला सरळ. त्यांनी एकेक शब्द समजावून सांगितला आणि पेंटर सवयीने प्रत्येक शब्द मनातल्या मनात पाटीवर लिहून बघू लागला. ‘वादी’ म्हणजे दावा लावणारा, म्हणजे तो स्वतः. आटोपशीर शब्द, लहानशा पाटीवरही शोभेल. ‘प्रतिवादी’ म्हणजे फर्निचरवाला. ‘निष्काळजीपणा’ला मात्र ऐसपैस फळी हवी, आणि त्या ‘ष्का’ला जागा देता देता जीव जाणार.

“त्यांनी काळजी घ्यायला हवी होती आणि घेतली नाही, एवढं आपण दाखवायचं,” वकीलबाई म्हणाल्या. “बांबू काढला, परत लावला नाही, तुम्हाला सांगितलंही नाही. हा त्यांचा निष्काळजीपणा. आणि त्यामुळेच तुम्हाला इजा झाली, हा कार्यकारणसंबंध. समजतंय ना?”

“समजतंय.”

“ते काय म्हणणार, तेही ऐका. अंशदायी निष्काळजीपणा. म्हणजे अपघातात तुमचाही वाटा होता. तुम्ही स्वतःला सांभाळलं नाही. कोर्टाला ते थोडं पटलं, तर भरपाई थोडी कमी. पुष्कळ पटलं, तर पुष्कळ कमी. सगळा दोष तुमचाच ठरला, तर हातात काही नाही.”

‘अंशदायी’ हा शब्द पेंटरला पाटीवर लिहिता येईना.

“माझ्यापासून काही लपवलेलं नाही ना?” बाईंनी विचारलं. “पडलात कसे, ते नीट आठवतंय?”

“तोल गेला,” पेंटर म्हणाला. “पुढचं नाही आठवत.”

आठवत होतं. सगळं लख्ख आठवत होतं. ‘र’ लिहून झाला होता, वरची रेघ थोडी उतरल्यासारखी वाटली होती, त्याने मान तिरपी केली, डोळा मिटला आणि मागे सरला. मग मागे काहीच नव्हतं. हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. दवाखान्यात पडल्या पडल्याच त्याने स्वतःपुरता निकाल लावून टाकला होता की ही खोडच त्याला नडली. भरपाई मागायला तो निघाला होता खरा, पण आतून त्याला आपण चोर असल्यासारखं वाटत होतं.

घरी मेहुणा येऊन बसला होताच. टेम्पोला एकदा धडक बसली होती, तेवढ्या पुंजीवर तो कायद्याचा जाणकार झाला होता.

“भावजी, एक वाक्य घोकून ठेवा. ‘मी स्तब्ध उभा होतो.’ बास. दुसरं काही बोलायचंच नाही. पुतळ्यासारखा उभा होतो म्हणायचं.”

“यांना पुतळा म्हणणार?” बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. “कोर्टात हसतील लोक.” मग ती हात पुसत बाहेर आली आणि नवऱ्यासमोर उभी राहिली. “खरं सांगा. मागे सरला होतात ना?”

“आठवत नाही म्हटलं ना.”

“मला न बघता आठवतंय. तुम्ही सरला नाहीत, असं आजवर झालंय का?”

मेहुण्याने बहिणीकडे डोळे वटारले. “ताई, तू साक्षीला येऊ नकोस बाई.”

“येणार आहे. मागच्या बाकावर बसणार आहे. आणि हे खोटं बोलले की यांचे कान लाल होतात, ते सगळ्यांना दिसणार आहे.”

साक्षीच्या दिवशी सकाळी बायकोने त्याच्या शर्टाची बटणं लावून दिली. उजव्या हाताने ती आता लागत नव्हती. वाटेत त्याला प्रत्येक पाटी दिसत होती आणि एकही वाचता येत नव्हती.

कोर्टाची खोली त्याला वाटली होती त्यापेक्षा लहान निघाली. खिडकीपाशी कागदांचे गठ्ठे, वर कुरकुरणारा पंखा, न्यायाधीशांच्या पुढ्यात टंकलेखिका. साक्षीदाराच्या पिंजऱ्याला तिन्ही बाजूंनी लाकडी कठडा होता. तो आत शिरल्यावर शिपायाने मागची आडवी फळीही खटकन लावून घेतली. आता सुटका नाही, एवढंच पेंटरच्या मनात आलं.

फर्निचरवाल्याचे वकील वयस्कर होते आणि आवाज असा गोड की ऐकणाऱ्याने सावध व्हावं.

“किती वर्षं हे काम करताय?”

“मिसरूड फुटायच्या आधीपासून.”

“म्हणजे उंचीची सवय आहे. जेवून वर चढलात, तेव्हा मागचा बांबू जागेवर आहे का, हे बघितलंत?”

“नाही बघितलं.”

“का बरं?”

“उतरलो तेव्हा होता तो.”

वकीलबाईंनी किंचित मान हलवली. पेंटरला जरा धीर आला, पण तो टिकला नाही.

“पडलात तेव्हा नक्की काय करत होतात?”

“अक्षर बघत होतो.”

“कसे? उभे राहून?”

मेहुण्याचं वाक्य जिभेवर आयतं तयार होतं. मागच्या बाकावर मेहुणा ओठ हलवून तेच म्हणत होता, आणि बायको खाली मान घालून पदराचं टोक पिळत होती.

“उभा होतो,” तो म्हणाला. ते खोटं नव्हतं, पण त्याचे कान तापले.

वकिलांनी हसून मान डोलावली. मग त्यांनी पुठ्ठ्यावर चिकटवलेला एक मोठा फोटो शिपायाकडे दिला आणि शिपायाने तो पिंजऱ्यासमोर धरला. “ही पाटी तुम्हीच लिहिलीत ना? नीट बघून सांगा.”

पेंटरने बघितलं. पडल्यापासून तो त्या रस्त्याने गेलाच नव्हता. पाटी तशीच होती, पिवळ्यावर निळी. ‘फ’चं पोट छान भरलं होतं. आणि शेवटचा ‘र’. त्याच्या डोक्यावरची रेघ खरंच उतरली होती का? इतक्या जवळून काही कळेना. कोर्ट, वकील, घोकलेलं वाक्य, सगळं तो विसरला. त्याने मान तिरपी केली, एक डोळा मिटला आणि मागे सरला.

पाठ फळीवर आपटली. तो थांबला.

मेहुण्याने कपाळावर हात मारला, तो आवाज खोलीभर ऐकू आला.

“साहेब, बघितलंत?” समोरचे वकील न्यायाधीशांना म्हणाले. त्यांच्या आवाजातला गोडवा आता दुप्पट झाला होता. “माझ्या अशिलाला दोष देतायत, आणि स्वतः उंचावर असे मागे चालतात. पेंटर, त्या दिवशीही असेच सरला होतात ना?”

पेंटरने वकीलबाईंकडे बघितलं. त्यांचा चेहरा उतरला होता. एवढ्या महिन्यांत आपण या बाईला अंधारात ठेवलं, याची त्याला अतोनात लाज वाटली. मग त्याने बायकोकडे बघितलं. तिने मान वर केली होती.

“हो,” तो म्हणाला. “असाच सरलो. मी नेहमीच सरतो. त्याशिवाय अक्षर दिसत नाही मला. बाईंना मी हे सांगितलं नव्हतं. त्यांची काही चूक नाही.”

“मला आणखी काही विचारायचं नाही,” म्हणून वकील बसले आणि त्यांनी पाण्याचा ग्लास जवळ ओढला.

संपलं, पेंटरला वाटलं. आपला हात गेला तो गेलाच. तो मागच्या फळीला तसाच टेकून उभा राहिला.

वकीलबाई बराच वेळ उठल्याच नाहीत. पुढचे कागद उलटेसुलटे केले, मग ते बाजूला ठेवले आणि पेंटरकडे टक लावून बघत राहिल्या. तो कशाला टेकलाय, हे त्या बघत होत्या. मग सावकाश उठल्या.

“फेरतपासणीत दोनच प्रश्न, साहेब.” त्या पिंजऱ्याजवळ आल्या. “आत्ता तुम्ही त्या दिवशीसारखेच मागे सरलात?”

“हो.”

“मग पडला का नाहीत?”

पेंटरला प्रश्नच कळला नाही. त्याने डावा हात मागे नेला आणि चाचपडलं. हाताला लाकूड लागलं. गुळगुळीत, जुनं, माणसांच्या हातांनी झिजलेलं लाकूड.

“मागे फळी आहे ना,” तो म्हणाला.

म्हटलं आणि त्याचा हात त्या लाकडावरच थांबला. आयुष्यभर तो मागे सरत आला होता आणि दरवेळी मागे काहीतरी होतं. बायकोचा पाय होता, मेहुण्याचं पोट होतं, त्या दिवशी सकाळभर तो बांबूही होता. खोड जुनीच होती. त्या दुपारी नवीन एवढंच झालं होतं की मागचा आधार कुणीतरी काढून नेला होता. एवढे महिने त्याने हे स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

समोरच्या वकिलांनी ग्लास न पिताच खाली ठेवला. न्यायाधीशांनी चष्मा काढला, पिंजऱ्याकडे नीट बघितलं आणि टंकलेखिकेला म्हणाले, “लिहा. फोटो बघताना साक्षीदार मागे सरला. मागे फळी होती. साक्षीदार पडला नाही.”

बाहेरच्या व्हरांड्यात वकीलबाईंनी आधी त्याला भरपूर झापलं. मेहुण्यालाही सोडलं नाही. मग त्यांचा राग ओसरला.

“थोडा वाटा तुमचा धरतील, तयारी ठेवा. चढल्यावर मागे बघायला हवं होतं तुम्ही. पण थोडाच धरतील. शस्त्रक्रिया अडेल असं मला वाटत नाही.”

“धरू देत,” पेंटर म्हणाला. “तेवढा माझाच आहे.”

मेहुणा टेम्पो आणायला गेला. व्हरांडा पायऱ्यांपाशी संपत होता आणि तिथेच कोर्टाची पाटी होती, जुनी, हाताने लिहिलेली, कुणा अनोळखी पेंटरची. आपल्या पेंटरचं लक्ष तिच्याकडे गेलं, पायऱ्यांकडे पाठ झाली आणि मान तिरपी झाली.

बायको त्याच्या मागे, त्याच्या आणि पायऱ्यांच्या मध्ये जाऊन उभी राहिली.