अकरावी खाली आणा

शिलाईच्या दुकानात कातरण कशी साठते ते तुम्हाला ठाऊक आहे. रोज झाडा, तरी पोतं भरतंच. आमच्या अपंग संघटनेचे किस्से तसेच. सरकारी कागदावर आम्ही आता दिव्यांग झालो, पण पेंटरला सवड नाही म्हणून पाटीवर अजून अपंगच आहोत. दोन रजिस्टरं हरवली, शिक्का एकदा पाण्यात गेला, किस्सा मात्र एकही हरवला नाही. त्यातले गेल्या साली जमलेले सांगते. मला रिकाम्या हातानं बसवत नाही, मशीन चालू ठेवूनच बोलते. ऐकू आलं नाही तर सांगा.

मी शोभा. लहानपणी पोलिओनं उजवा पाय गेला. दुकानात कुबडी, लांब जायचं तर तीनचाकी. माझं दुकान हेच संघटनेचं ऑफिस, कारण सबंध बाजारपेठेत पायरी नसलेलं हे एकच दुकान. पायरी नाही म्हणून पावसाचं पाणी थेट आत येतं. अध्यक्षपदासाठी आमच्याकडं कधी निवडणूक झाली नाही. जिच्या दुकानात पाणी शिरतं, ती अध्यक्ष.

*

आमचे सल्लागार सुदाम तात्या. एसटीत कंडक्टर होते, काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले. तरुणपणी निळा झेंडा घेऊन एक मोर्चा सोडला नाही, नामांतराच्या वेळच्या लाठ्यांचे वळ अजून दाखवतात. बैठकीत त्यांचा एकच कायदा. आधी नाव सांगायचं, मग बोलायचं. डोळ्यानं दिसत नाही, तर निदान कोण बोलतंय ते कळलं पाहिजे. आम्हाला याची इतकी सवय लागली की मी घरी आईला सुद्धा म्हणते, "शोभा बोलते, चहा झाला का?"

एकदा निवेदन घेऊन आम्ही एका साहेबाकडं गेलतो. साहेबानं फायलीतून मान वर न काढता विचारलं, "बोला, काय आहे?"

तात्या म्हणाले, "कोण बोलतंय?"

"मी साहेब."

"चाळीस वर्षं झाली, साहेबच बोलायलेत. नाव सांगा."

दारातला शिपाई भिंतीला चिकटला. साहेबानं तात्यांकडं बघितलं, पेन खाली ठेवलं आणि शाळेत हजेरी द्यावी तसं स्वतःचं नाव, बापाचं नाव, आडनाव सांगून टाकलं.

"सुदाम कांबळे बोलतो," तात्या म्हणाले. "आता बसा."

साहेब बसलेलाच होता. तरी खुर्ची मागं सरकवून तो नीट परत बसला.

*

ऑगस्टात मंगल आली. मंगल नांदूरघाटाकडची. ऊसतोडीला जाते आणि ऊसतोड बायकांची संघटनाही चालवते. सोबत तिची पोरगी सुरेखा. सुरेखाचे दोन्ही पाय जन्मापासून अधू. दोन्ही हातांत स्लीपर घालून ती हातांवर चालते, आणि माझ्यापेक्षा झपाझप चालते. दहावीला फर्स्ट क्लास मिळवून तिनं आमच्या गावच्या कॉलेजात अकरावीला नाव घातलं होतं.

अकरावीचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर. पहिल्या दिवशी पोरगी हातांवर जिना चढली. बाहेर पाऊस, जिन्यात शेकडो बुटांचा चिखल, कोपऱ्याकोपऱ्यात गुटख्याच्या पिचकाऱ्या. ती वर पोचली तेव्हा पहिला तास संपला होता आणि तिचे हात मनगटापर्यंत लाल झाले होते. ते रक्त नव्हतं, पण मंगलला आधी रक्तच वाटलं.

प्राचार्यांची खोली वर, म्हणून आम्ही त्यांना खालच्या ऑफिसात गाठलं. गावात त्यांना मोठे सर म्हणतात. मी म्हणलं, "सर, खाली एक मोठी खोली हाय की. अकरावी तिथं आणा."

"तो अतिथी कक्ष आहे," सर म्हणाले. त्या खोलीत प्लॅस्टिक घातलेला सोफा आहे आणि वर्षातून दोनदा, झेंडावंदनाला, तिचं कुलूप निघतं. सर मंगलला म्हणाले, "मुलीचा सतरा नंबरचा फॉर्म भरा ना. कॉलेजात यायचं कामच नाही, नुसती परीक्षा द्यायची. घरी बसून शांतपणे अभ्यास करेल."

मंगल म्हणाली, "कोणतं घर, सर? दसरा झाला की आमचं घर ट्रकमधी चढतंय. कॉलेज असलं तर पोरगी हितं शोभाकडं ऱ्हाईल. कॉलेज न्हाई म्हणल्यावर ती आमच्यासंगं उसाच्या फडावर येईल आन् सहा म्हैने पाचटाच्या कोपीत भाकरी थापील. तितं कोणता अभ्यास व्हतो, सांगा बरं."

सर म्हणाले, बघू. आमच्याकडं बघू म्हणजे काय ते लहान लेकरालाही कळतं.

*

आठ दिवसांनी सरांनी तोडगा काढला. "दोन धडधाकट मुलं नेमतो. रोज हिला उचलून वर नेतील, उचलून खाली आणतील. चांगला उपक्रम होईल, पेपरातही देऊ."

सुरेखा म्हणाली, "सर, मधल्या सुट्टीत बाथरूमला जायचं असलं तर त्यांनाच सांगू का?"

सर खिडकीबाहेर बघायला लागले.

खरं सांगते, मला तो तोडगा पटला होता. बाहेर आल्यावर मी त्या पोरीवर खेकसले. म्हणलं, लई शहाणी हायेस, घे की चार दिवस उचलून, वर्ष तर वाया जायचं न्हाई! तिनं शांतपणे विचारलं, "मावशी, तुमाला शाळेत कोण न्यायचं?"

"माझे वडील. खांद्यावर."

"कितवीपस्तोर?"

चौथीपर्यंत. पाचवीत मी जड झाले आणि माझी शाळा तिथंच थांबली. हे मी कुणाला सांगत नाही, तिलाही सांगितलं नाही, पण तिला ते माझ्या तोंडावरच दिसलं. मला लाज वाटली, आणि रागही आला, तो कुणाचा आला ते अजून कळलेलं नाही. त्या दिवशी एका गिऱ्हाइकाच्या ब्लाऊजला मी दोन्ही डाव्या बाह्या लावल्या.

*

तात्या म्हणाले, हे एकट्या अपंगांचं काम नव्हे, समाजाला हाक मारू. त्यांनी विहारात बैठक लावली. मी तीनचाकी घेऊन वेळेवर पोचले आणि अंगणात थांबले. आत तात्यांचं भाषण लई रंगलं. "आपल्या बापजाद्यांला वर्गाबाहेर बसवलं," ते म्हणत होते, "त्यांची लेकरं आपण. आज एक लेकरू बाहेर हाय आन् आपुन गप बसायचं का?" टाळ्या झाल्या. मग तात्या म्हणाले, "आता शोभा, तू बोल."

मी अंगणातून ओरडले, "शोभा बोलते, बाहेरून."

"बाहेरून कावून?"

"तात्या, सात पायऱ्या हायेत."

त्या सात पायऱ्या तात्यांना पाठ होत्या, डोळे गेल्यापासून रोज मोजून चढत होते. मी इतकी वर्षं त्यांच्याबरोबर काम करते, पण मी कधी आत आलेच नाही हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. मीही कधी बोलले नव्हते. तात्या काठी टेकत खाली आले, शेवटच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, "सतरंजी हितं टाका. बैठक हितंच होईल."

महिन्याच्या आत विहाराला उतार झाला. गवंडी हौशी, त्यानं फुकटात केला, पण जागा वाचवायला असा उभा केला की माझी तीनचाकी अर्ध्यातून मागं सुटली आणि रस्ता ओलांडून थेट पिठाच्या गिरणीच्या दारात जाऊन थांबली. गिरणीवाला म्हणाला, "ताई, दळण कुठंय?"

तात्यांनी गवंड्याला बोलावलं आणि माझ्या तीनचाकीत बसवून वर चढायला लावलं. दुसऱ्या दिवशी त्यानं उतार फोडला आणि अंगणाच्या टोकापासून लांबवर नवा घातला.

*

मग मोर्चा निघाला. विहारातली माणसं, मंगलच्या बायका आणि आम्ही. आमचा नियम असा की सगळ्यात सावकाश चालणारा सगळ्यात पुढं. नाहीतर पुढचे कॉलेजात पोचून चहा पितात आणि मागचे बाजारातच राहतात. मंगलच्या बायकांना डोक्यावर मोळी घेऊन पळायची सवय, त्यांच्या पायांची नुसती तडफड चालली होती.

घोषणा द्यायला इरफान. इरफान माझ्या दुकानातला कटिंगचा कारागीर, जन्मापासून बहिरा, हातांनी बोलतो. मी म्हणलं, दर वेळी आपण ओरडतो आणि त्याला कळत नाही, आज तो सांगेल ती घोषणा. त्यानं एका हातावर दुसरा हात चढवत जिना दाखवला, मग दोन्ही तळवे झटक्यात खाली आणले आणि शेवटी दोन बोटांनी जमीन ठोकली. अकरावी खाली आणा, इथं. सगळा मोर्चा तसंच करायला लागला. बाजारात टाचणी पडली तरी ऐकू यावी.

बंदोबस्ताला एक हवालदार, हातात डायरी. तो कावराबावरा होऊन मंगलला म्हणाला, "बाई, घोषणा काय दिल्या ते लिहावं लागतं. आवाजच न्हाई, मी लिहू काय?"

"त्याला इचारा," मंगल म्हणाली.

हवालदार इरफानकडं गेला. इरफाननं करून दाखवलं. हवालदारानं डायरी काखेत धरून करून बघितलं. इरफाननं मान हलवली, शिकाऊ पोराचा अंगठा मशीनवर धरावा तसा त्याचा अंगठा धरून नीट केला आणि पुन्हा करायला लावलं. तोवर आम्ही कॉलेजसमोर पोचलो होतो. मोठे सर वरच्या खिडकीत आले, तर खाली बंदोबस्तवालाच पहिल्या रांगेत घोषणा देत होता.

तरी अतिथी कक्षाचं कुलूप निघालं नाही. दसरा जवळ आला आणि मला झोप लागेना. मंगलनं पोरीचंही बोचकं बांधलं, आणि सुरेखा दुकानात येऊन गुपचूप काजं-बटणं करत बसायची.

*

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ऊसतोडीची टोळी न्यायला बबन मुकादमाचा ट्रक आमच्या गावात आला. भांडी, सरपण, पेट्या, शेळ्या सगळं वर चढलं. बाया चढेनात. त्या मंगलच्या मागं चालत कॉलेजच्या फाटकात जाऊन बसल्या. मी तीनचाकी हाणत मागोमाग पोचले. नवरे ट्रकजवळ बिड्या ओढत उभे होते. नवरा-बायकोच्या जोडीला आमच्याकडं कोयता म्हणतात, आणि अर्ध्या कोयत्यानं ऊस तुटत नाही.

मुकादम ट्रक घेऊन फाटकात आला. "चढा गं बायांनो, उद्या सकाळी टोळी फडात पायजे."

मंगल म्हणाली, "अकरावी खाली आल्याबिगर एक बी कोयता चढायचा न्हाई."

"कोण अकरावी?" मुकादमानं विचारलं. त्याला समजावून सांगितलं. तो आधी रागावला, मग हात जोडले, मग माझ्याकडं वळला. "शोभाताई, तुमी तरी सांगा."

"मी न्हाई सांगत," मी म्हणलं. आज ट्रक पोरीला घेऊन गेला तर ती पुन्हा शाळेचं तोंड बघणार नाही, हे मला माझ्यावरून ठाऊक होतं.

मुकादमानं धोतर सावरलं आणि आयुष्यात पहिल्यांदा कॉलेजचा जिना चढला. वर काय बोलणं झालं ते आजवर दोघांपैकी कुणी सांगितलं नाही. थोड्या वेळानं शिपाई किल्ल्या घेऊन खाली आला. त्याच्यामागं मुकादम, डोक्यावर बेंच. मग नवरे धावले. सोफा बाहेर, बेंच आत, फळा आत. अकरावीची पोरं-पोरी वह्या घेऊन जिन्यातून उतरली.

शेवटचा बेंच घेऊन मुकादमानं सुरेखाला विचारलं, "कुठं ठिवू?"

"मधल्या रांगेत."

बाया उठल्या, लुगडी झटकून ट्रकमध्ये चढल्या. मंगल सगळ्यात शेवटी. फळकुटाला धरून तिनं एकदा हाक मारली, "सुरे!" खोलीतून कुणी बाहेर आलं नाही. मी पोरीला बोलवायला निघाले, तर मंगलनं मला ट्रकवरूनच हातानं थांबवलं.

मुकादम ड्रायव्हरला म्हणाला, "वाजव की हॉर्न, येतीया पोरगी."

मंगलनं केबिनवर थाप मारली. "हॉर्न वाजवू नगं. आत शिकवायलेत."