वाटेवर पसरलेली रागी

आमच्या बेंगळुरातल्या सायकल क्लबच्या अध्यक्षांचा विषय निघाला की आजही माझं डोकं फिरतं. एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट. शहरातल्या सायकलवाल्यांना दर रविवारी डोंगरावर न्यायचं आणि त्यातून पायथ्याच्या खेड्याचं भलं करायचं, अशी त्यांची योजना. गावच्या कट्ट्यावर उभं राहून त्यांनी भाषण ठोकलं, "आमची चाकं तुमच्या कामी येतील!" अध्यक्षांना कन्नड येत नव्हतं. माझ्या घरात मराठी आणि पेठेत कन्नड, म्हणून गावकऱ्यांना ते मी समजावून सांगितलं.

कट्ट्याशेजारी एक विधवा अक्का राहायची. बैल नव्हते, मळणीसाठी दरवर्षी दुसऱ्यांची मनधरणी करावी लागे. त्या मुलखात लोक कापलेलं पीक सडकेवर पसरतात. वरून बस, लॉऱ्या गेल्या की आपसूक मळणी होते. सडक अक्कापासून लांब होती. अध्यक्षांचा शब्द तिने खरा मानला, यात तिचं काय चुकलं? पहिल्या सहलीच्या सकाळी तिने वर्षाची सगळी रागी, आपली नाचणी, आमच्या वाटेवर पसरली आणि हौसेने बाजूला उभी राहिली.

पुढचा सायकलवाला घसरून पडला. नुसतं खरचटलं. पण अध्यक्ष खवळले, "अडाणी लोक! यांचं भलं करायला जावं, तर हे आपल्यालाच पाडतात!" चौघांना लावून त्यांनी ती कणसं लाथांनी तळ्याच्या पाटात ढकलली. मी सायकल टाकून धावलो. "साहेब, तिचं वर्षाचं अन्न आहे ते!" तर म्हणाले, "गर्दी वाढली की फायदा हिचाच आहे." उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस! त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. चिखलातून जेमतेम सूपभर रागी हाती लागली.

दुपारी डोंगर उतरून मंडळी निर्लज्जपणे तिच्याच अंगणात जेवायला बसली, कारण तसं आधी ठरलं होतं. दारी आलेल्याला उपाशी धाडायचं नाही, ही तिची रीत. मडक्यातलं उरलंसुरलं पीठ काढून तिने मुद्दे, म्हणजे रागीचे वाफाळते गोळे केले. अध्यक्षांनी दुसरा गोळा मागून घेतला.

"काय गावरान चव! पुढच्या रविवारी दुप्पट माणसं आणतो, सांगा हिला."

मी सांगितलं. 

अक्काने रिकामं मडकं त्यांच्या पानाशेजारी उपडं ठेवलं. "सरी, बरं," ती मला म्हणाली, "येऊ देत. येताना स्वल्प रागी घेऊन या म्हणावं, अण्णा."