उपासातली गोळी

माझ्या अंगात देवी येते असं गावानं ठरवलं, तेव्हा मला कोणी विचारलंच नाही. मी उभ्याउभ्या कोसळायची, हातपाय ताडताड उडायचे, आणि शुद्धीवर यावं तर कपाळावर कुंकू नि पायाशी नारळ. अंग ठेचल्यासारखं दुखत असायचं. देवी येऊन गेली म्हणतात, मग एवढी भक्ती करूनही ती मला असं आपटते का, हा प्रश्न मनात यायचा आणि मीच घाबरून कान धरायची. पण खरं दुःख वेगळंच होतं. माझी लेक तेव्हा नुकती बसायला लागली होती, आणि सासूबाई तिला माझ्या कडेवर देत नसत. त्यांचंही चूक नव्हतं, पण स्वतःच्या लेकराला दुसऱ्याच्या खांद्यावरून बघताना जीव तुटायचा.

एकदा चुलीजवळच पडले आणि हात भाजला. सासूबाई मला सरकारी दवाखान्यात घेऊन गेल्या, त्या फक्त मलमासाठी. डॉक्टरीणबाईंनी हात पाहिला, मग म्हणाल्या, "जीभ दाखवा." जीभ चावली गेली होती. "पडल्या तेव्हा कोणी पाहिलं?" सासूबाई पुढे सरसावल्या. सांगण्यापेक्षा करून दाखवलेलं बरं, असा त्यांचा स्वभाव. पदर खोचून त्यांनी मान वाकडी केली, दात आवळले, हातपाय उडवले, घशातून घरघर काढली. दारातल्या रांगेतल्या दोघी बायांनी भक्तिभावानं हात जोडले. डॉक्टरीणबाईंनी मोठ्या कष्टानं हसू आवरलं आणि विचारलं, डोळे उघडे होते का, कपड्यात लघवी झाली का, नंतर गाढ झोपली का. सासूबाईंनी सगळं बिनचूक सांगितलं.

"ही मिरगी आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मंग आई नाई का थे?" सासूबाई जराशा हिरमुसल्याच.

"आई तुमच्या घरात आहेच. हे झटके मात्र मेंदूतून येतात."

एकदा गोंदियाला पाठवून त्यांनी तपासण्या करून घेतल्या. गोळ्या मात्र गावाजवळच्या त्याच दवाखान्यात मिळत. झटका आला की कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, कांदा-चप्पल हुंगवायची नाही, आणि मनानं गोळी बंद करायची नाही, हे त्यांनी आमच्याकडून घोकून घेतलं. विहिरीवर आणि चुलीशी एकटीनं जायचं नाही, लेकीला जमिनीवर बसूनच घ्यायचं. झटके थांबून बरेच महिने गेले, की मग कडेवर. मी ते महिने कसे काढले, ते माझं मला माहीत. झटका मात्र आला नाही.

आणि नेमकं नवरात्र आलं. आमच्या घरी घट बसतो, आणि घरच्या सुनेनं नऊ दिवस तीर्थाशिवाय दिवसभर तोंडात काही घालायचं नाही, ही रीत. दिवस बुडाल्यावर फराळ. गोळी तर सकाळीही होती. घेतली तर उपास मोडतो, सोडली तर झटका येईल आणि लेक पुन्हा लांब जाईल. इकडे आड, तिकडे विहीर. डॉक्टरीणबाई काय म्हणतील ते ठाऊकच होतं, मला देवीचं म्हणणं हवं होतं. पहिल्या सकाळी गोळी मुठीत धरून मी घटासमोर बसले आणि मला रडूच आलं.

देवीची जस-गाणी गायला नदीपलीकडून बायांचं मंडळ आलं होतं. त्यातली एक म्हातारी माझ्याशेजारी येऊन टेकली. पदराची गाठ सोडून तिनं एक गोळी काढली, घटाला लावली आणि तीर्थाबरोबर गिळली. मी बघतच राहिले.

"आजी, उपास नाही का तुमचा?"

"हाये नं."

"मग ही गोळी?"

"झटक्याची हाये व. लगनाआधीपासून येत होते मले. आता नाती आंगाखांद्यावर खेळतेत." मग माझ्या मिटलेल्या मुठीकडे पाहून म्हणाली, "आईनंच देल्ली, तं तिले काऊन राग येईन? घे, घे. रडून कायले राहिली?"

मी तिला एका शब्दानंही काही सांगितलं नव्हतं. तिला कसं कळलं, याचा शोध मी कधी घेतला नाही. गोळी घटाला लावली आणि गिळली. ती म्हातारी मला पुढे कधी दिसली नाही.

नऊही दिवस उपास झाला, गोळी झाली, आणि झटका आला नाही. दिवाळी झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी लेकीला कडेवर घ्यायला हसत होकार दिला. दवाखान्याच्या दारातच सासूबाईंनी लेकीला माझ्या कडेवर आदळलं. "घे व तुयी पोरगी. मायी कंबर मोडून राहिली!"

शरण जाणं म्हणजे हातपाय गाळून पडून राहणं, असं मी समजत होते. आता वाटतं, देवीनं हातावर ठेवलेलं रोज विश्वासानं घेणं, हीच शरणागती. त्या दिवशी घरापर्यंत लेकीला मी कोणाच्याच हातात दिलं नाही. माझे हात भरून आले होते, आणि आई, तुझ्यापुढे जोडायला एकही मोकळा नव्हता.