डोळेकाकांचा खिसा

माझे मोठे दीर रोपवाटिकेत कामाला आहेत. रानगुलाबाच्या खोडाला चीर द्यायची, चाकूच्या टोकाने साल अलगद उचलायची आणि चांगल्या गुलाबाचा डोळा, म्हणजे फांदीवरचा कोंब, तिच्यात बसवून पट्टी बांधायची, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. तिथे सगळे त्यांना डोळेकाका म्हणतात. मी भाऊजी म्हणते.

त्यांचा चाकू म्हणजे त्यांचा जीव. लाकडी मुठीचा, मिटून खिशात मावणारा. रोज सकाळी मी देवापुढे दिवा लावते तेव्हा भाऊजी मागच्या पायरीवर बसून दगडावर धार लावत असतात. खसखस आवाज माझ्या प्रार्थनेत मिसळतो. मला त्याचा राग येत नाही, तीही एक भक्तीच. "हा चाकू आहे, स्क्रूड्रायव्हर नव्हे," हे त्यांचं वाक्य घरात सगळ्यांनी ऐकलेलं. सगळ्यांत जास्त माझ्या जाऊबाईंनी, म्हणजे आमच्या ताईंनी. हाताला येईल त्याने काम उरकायचं, हा ताईंचा स्वभाव.

त्या रविवारी भाऊजींनी फाटक रंगवलं. दुपारी ताई पार्सलची दोरी कापायला काहीतरी शोधत होत्या. खुंटीवरच्या शर्टात चाकू सापडला, त्यांनी उघडला आणि थबकल्या.

"अहो, ह्याचं टोक कुठे गेलं?"

भाऊजी दारातच उभे होते. हाताला हिरवा रंग.

"काय केलंस आता?" ते म्हणाले.

"मी? मी आत्ता उघडला."

"तुझ्या हातात आहे ना? मग मी केलं का? किती वेळा सांगितलं, ह्याला हात लावू नकोस म्हणून."

आमच्या ह्यांनी त्यात तेल ओतलं. "वहिनी, गुलाबांचं काही खरं नाही आता." कुणी हसलं नाही. ताईंनी चाकू मिटून टेबलावर ठेवला आणि दोरी दातांनी तोडली. मला वाटलं, मागे कधीतरी त्यांनीच ह्या चाकूने बरणी उघडली असेल आणि विसरल्या असतील. तसं मी बोलून दाखवलं नाही, पण ताईंना माझ्या तोंडावर ते दिसलं असावं.

पुढे घरात सगळं सुरळीत होतं, एवढंच की ताई भाऊजींशी कामापुरतं बोलायच्या. भाऊजींनी चाकू आपला आपण दुरुस्त केला. कधी केला, कुणी पाहिलं नाही. पायरीवर बसायचंही त्यांनी सोडलं.

मग धुण्यात मला त्यांच्या पँटच्या खिशाला भोक दिसलं. बारीक, सुईने टोचल्यासारखं, कडेला रक्ताचा ठिपका. मी ते शिवलं. दुसऱ्या पँटलाही तसंच भोक निघालं तेव्हा ती घेऊन ताईंकडे गेले.

ताईंनी भोकातून करंगळी घालून पाहिली. सुट्टीचा दिवस होता, भाऊजी बाहेर गेले होते; ताईंनी आत जाऊन टेबलावरचा चाकू आणला. मिटलेल्या मुठीतून टोक बाहेर डोकावत होतं, उंदराच्या दातासारखं.

"धारेकडून घासलंय," त्या म्हणाल्या. "धारेकडून घासलं की टोक वर चढतं, मिटल्यावर आत बसत नाही. पाठीकडून घासायला हवं. मला हे ह्यांनीच शिकवलंय, लग्न झालं तेव्हा."

"मग त्यांनी असं का केलं?"

"रोज धारच लावायची सवय. हात तिकडेच गेला असेल. आणि घाईत, चोरून." त्यांनी टोकावर बोट टेकवून पाहिलं. "चोरून कशाला करायचं? मी मोडला असता तर चारचौघांत मांडून बसले असते, मला दाखवत दाखवत."

मला एकदम कळलं. माझीच मान खाली गेली.

ताई भांडल्या नाहीत. जुन्या पिशवीचं जाड कापड कापून त्यांनी प्रत्येक पँटच्या खिशाला आतून अस्तर लावलं, पक्के टाके घालून. घड्या कपाटात ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजींनी कामावर निघताना खिशात चाकू टाकला आणि हात तिथेच राहिला. बराच वेळ. मी दिव्यात तेल घालत होते. त्यांच्याकडे बघवेना, उठूनही जाववेना.

ते स्वयंपाकघराच्या दारात आले. "रंगाच्या डब्याचं झाकण निघेना," ते म्हणाले. "आत येऊन स्क्रूड्रायव्हर न्यायचा कंटाळा केला."

ताईंनी वळून पाहिलं नाही. "बरं."

"तू विचारलंस तेव्हा सांगणार होतो. तोंडातून भलतंच निघालं."

"आणि नंतर?"

"नंतर लाज वाटायला लागली. रोज थोडी जास्तच."

"तुमच्या भावासमोर बोललात मला. हिच्यासमोर बोललात."

भाऊजींनी आमच्या ह्यांना हाक मारली. हे दाढीचा साबण तोंडावर तसाच घेऊन आले. त्यांच्यासमोर भाऊजींनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, डब्यासकट. आवाज इतका लहान झाला होता की ह्यांना पुढे वाकावं लागलं. एरवी कशाचीही टर उडवणारे हे, त्यांनीही नुसतं "असू दे, दादा" म्हटलं.

त्या दिवशी भाऊजी कामावर उशिरा गेले. मागच्या पायरीवर बसून त्यांनी पातं पाठीकडून घासलं, टोक खाली उतरून मुठीत नीट बसेपर्यंत. पातं अगदीच आखूड झालं. ताई शेजारी उभ्या राहून बघत होत्या. एकदा फक्त म्हणाल्या, "अजून जरा."

संध्याकाळी मी सहज विचारलं, "भाऊजी, आता चाकू टोचत नाही, तर ते अस्तर उसवून देऊ का? खिसा फुगलेला दिसतो."

"राहू दे," ते म्हणाले. "हात घातला की लागतं हाताला. तेवढी आठवण राहते."