तरलिकाबेनची दुपार

ती नोटीस मी लिहिली होती. सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून खाली सहीही माझीच होती. ‘दुपारी एक ते चार या वेळेत व्यायामाचं यंत्र चालवू नये.’ कोणाचं नाव घातलं नव्हतं. आमच्या बिल्डिंगमध्ये व्यायामाचं यंत्र एकच होतं, त्यामुळे नाव घालायची गरजही नव्हती. त्या दोन ओळींची मला अजून चीड येते.

यंत्र तिसऱ्या मजल्यावर, माझ्या समोरच्या दारात, तरलिकाबेन रायचुरांकडे होतं. त्या मूळच्या गोंडलच्या. विसाव्या वर्षी लग्न होऊन राजकोटला आल्या त्याला अडतीस वर्षं झाली. उंची चार फूट अकरा इंच. चालणं झपाझप होतं, पण ते दोन वर्षांपूर्वीपर्यंत. मग गुडघे गेले. पायऱ्या उतरताना एका हाताने कठडा आणि दुसऱ्याने भिंत धरायच्या, आणि मध्ये कोणी मदतीला हात पुढे केला तर त्याच्याकडे असं बघायच्या की तो हात मागे घ्यायचा.

हाडांच्या डॉक्टरांनी त्यांना तीन महिने दिले होते. मांडीचे स्नायू तेवढ्यात सुधारले तर ठीक, नाहीतर उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन. तरलिकाबेनच्या मोठ्या बहिणीचं ते ऑपरेशन झालं होतं आणि पाच वर्षं ती गोंडलच्या घरात खाटेवर होती. तेव्हा हे तीन महिने त्यांच्यासाठी काय होते ते वेगळं सांगायला नको.

फिजिओथेरपी करणाऱ्या मुलीने त्यांना नीट समजावलं होतं. ट्रेडमिल नको, त्यावर प्रत्येक पावलाला गुडघ्याला दणका बसतो. सायकलवर त्यांचा गुडघा जास्त वाकत होता. एलिप्टिकल घ्या, त्यात पाऊल पेडलवरून उचललंच जात नाही, पाय नुसता लांबट गोलात फिरतो. तरलिकाबेननी हे सगळं एका कागदावर उतरवून घेतलं. पावलाचा पल्ला सोळा इंचांच्या आत. पेडल जमिनीपासून फार उंच नको. दोन पेडलांमधलं अंतर कमी, नाहीतर कंबर धरते. मधला दांडा न हलणारा, धरायला. आणि शेवटी दोनदा खाली रेघ मारून लिहिलं होतं, आवाज नको.

नवरा अनंतराय. बेअरिंगचं दुकान, चाळीस वर्षांचं. चांगला माणूस आहे, असं सगळे म्हणतात. मीही म्हणायचो. तो दोन मित्रांना घेऊन रात्री जेवणाआधी शोरूमला गेला, बायकोलाही गाडीत घेतलं. शोरूम दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. मग हा म्हणाला, तुझे गुडघे दुखतात, तू कशाला चढतेस, बस गाडीत. जिच्या पायांसाठी यंत्र घ्यायचं ती खाली गाडीत बसली. तिने खिडकीतून कागद दिला. त्याने तो घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला, आणि तो खिशातच राहिला.

वर गाणी लागलेली, विकणाऱ्याने थंड सोडा पाजला. तिघांनी यंत्रांवरून हात फिरवले. अनंतरायने सगळ्यात मोठं घेतलं. मोठा स्क्रीन, मागे एक सीटसुद्धा. तिघांपैकी एकजण त्यावर दोन मिनिटं चढला, तो सहा फुटी. गाण्यांत आवाज कोणाला ऐकू येणार? घरी आणल्यावर त्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ फोडला, स्क्रीनवरचं प्लॅस्टिक तसंच ठेवलं.

तरलिकाबेनना त्यावर चढायला स्वयंपाकघरातला पाट लागायचा. पावलाचा पल्ला वीस इंचांचा, पाय पुढे गेला की कंबर ओढली जायची. त्यांनी परत करा म्हटलं. अनंतराय म्हणाला, पूजा केलेली वस्तू परत करतात का, आणि दुकानदार काय म्हणेल. मग ती फिजिओची मुलगी घरी येऊन सांगून गेली, स्नायूंवर ताण अगदी कमी ठेवा, मधला दांडा धरा, टाच उचलू नका, रोज दहा मिनिटांपासून सुरू करा. होईल.

वेळ एकच होती. सकाळी साडेपाचपासून पाणी, पूजा, नाश्ता, स्वयंपाक. एक वाजता अनंतराय दुकान बंद करून यायचा, जेवायचा, दीड वाजता झोपायचा. भांडी झाली की दोन. चारला त्याचा चहा, मग येणारे-जाणारे, मग रात्रीचा स्वयंपाक. दोन ते चार, एवढंच त्यांचं स्वतःचं.

आणि राजकोटात त्या वेळेला रिक्षावालासुद्धा रिक्षेत पाय वर करून झोपलेला असतो.

पहिल्या दिवशी दोन वाजून पाच मिनिटांनी मला समोरच्या दारामागून ऐकू आलं. किर्र, खट. किर्र, खट. अख्खी बिल्डिंग चिडीचूप, त्यात तो आवाज लिफ्टच्या पोकळीतून तळापर्यंत गेला. तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरचे हिम्मतभाई पुजारा गंजीवर वर आले. आठवडाभरात माझ्या हातात अर्ज होता, सोळा सह्यांचा. त्यात अनंतरायची सही नव्हती, पण विरोधही नव्हता. मी नोटीस लावली. नियम म्हणजे नियम, असं मला तेव्हा वाटलं.

तरलिकाबेननी नोटीस वाचली आणि यंत्र बंद केलं. त्या दिवसापासून त्या कोणाशी बोलेनाशा झाल्या. त्यांनी शोरूमला फोन केला, माणूस पाठवा म्हणून. दुपारी दोनला त्यांना फोन करायला सवड मिळायची, आणि शोरूमवाला दोनला फोन उचलत नव्हता. उचललाच एकदा, तर म्हणाला, बेन, चारनंतर करा. चारनंतर त्यांच्या हातात चहाचं भांडं.

असे सहा आठवडे गेले. शेवटी त्यांनीच लेखी मागणी केली, मीटिंग बोलवा. रविवारी सकाळी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या. लोक गोड बोलत होते. कोणी म्हणालं, सकाळी चालवा ना. कोणी म्हणालं, हळू चालवा. एका बाईंनी सुचवलं की या वयात यंत्रापेक्षा हवेलीत, म्हणजे कृष्णाच्या देवळात, दर्शनाला चालत जावं. हिम्मतभाई हसत म्हणाले, “बेन, राग मानू नका, पण राजकोटची दुपार म्हणजे राजकोटची दुपार. ती तर राजालाही मोडता आली नाही.”

थोडे लोक हसले. तरलिकाबेन उठल्या. उठायला त्यांना खुर्चीचे दोन्ही हात दाबावे लागले.

“हिम्मतभाई, तुमची दुपार कोण सांभाळतं? अडतीस वर्षं मी दुपारी भांडी घासते. ताटाखाली फडकं ठेवते. नळ बारीक सोडते. डब्याचं झाकण दोन्ही हातांनी धरून लावते. कोणाला कधी आवाज आलाय माझ्या घरातून? आता माझे पाय जायला निघाले, आणि मी दहा मिनिटं मागितली तर सोळा सह्या.”

मग त्या नवऱ्याकडे वळल्या.

“आणि तुम्ही. चाळीस वर्षं बेअरिंग विकता. दुकानात गिऱ्हाईकाने नुसतं फिरवलं तरी कान देऊन सांगता, हे गेलंय, हे बदला. घरात आठवडाभर कुरकुरत होतं ते ऐकू आलं नाही?”

अनंतराय म्हणाला, मी झोपलेला असतो. खरं म्हणजे तो एवढंच म्हणाला असता तर चाललं असतं, पण पुढे म्हणाला, “तू सांगितलं का नाहीस?”

“कागदावर लिहून दिलं होतं. दोन रेघा मारून.”

त्या दुपारी तो झोपला नाही. त्यांचं दार उघडं होतं, मीही माझं उघडं ठेवून बघत होतो, मला लपवायचं काही नाही. त्याने यंत्राला कान लावला, एका हाताने पेडल फिरवलं आणि लगेच बेअरिंगचा नंबर सांगितला, बासष्ट-शून्य-तीन. दांड्याच्या सांध्यातलं बेअरिंग कोरडं आणि वाकडं बसवलेलं होतं. दुकान उघडून नवीन आणलं, ठोकून बसवलं, वंगण भरलं. एक पाय जमिनीला टेकत नव्हता, त्याचा स्क्रू फिरवला. यंत्र फिरलं तेव्हा काहीच ऐकू आलं नाही.

तरलिकाबेन घड्याळाकडे बघत उभ्या होत्या.

“किती वेळ लागला?”

“वीस मिनिटं,” अनंतराय म्हणाला. त्याला वाटलं, कौतुकाने विचारलं.

त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या. मी नोटीस काढली आणि फाडली. त्याबद्दल त्यांनी मला काहीही म्हटलं नाही, आणि बरोबर केलं.

तीन महिने भरले तेव्हा डॉक्टरांनी मांडी दाबून पाहिली आणि आणखी दोन महिने दिले. अनंतराय ती गोष्ट जिन्यात भेटेल त्याला आनंदाने सांगत होता. तरलिकाबेन मागून पायऱ्या चढत होत्या, एक हात कठड्यावर. त्या म्हणाल्या, “ते वाया गेलेले सहा आठवडे मिळाले असते तर आज ‘ऑपरेशनची गरज नाही’ म्हणाले असते.”

आता रोज दोन वाजता त्या पाट मांडून यंत्रावर चढतात. पंचवीस मिनिटांपर्यंत आल्या आहेत. यंत्राचा आवाज शेजारच्या खोलीतही जात नाही.

त्याआधी, दीड ते दोन, त्या भांडी घासतात. ताटाखाली फडकं नसतं. नळ पूर्ण सोडलेला असतो. कढई ओट्यावर पडते, वाट्या एकात एक आदळतात, डब्यांची झाकणं बसतात ती तळमजल्यापर्यंत कळतात. हिम्मतभाई जागे असतात, अनंतराय जागा असतो, मीही जागा असतो.

आजपर्यंत कोणी माझ्याकडे अर्ज घेऊन आलेलं नाही.